शिल्लक अटींचं पान

"ठरलं नसेल तर ठरलं म्हणू नको."

पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, मराठीत. अमेरिकेत, रेडमंडच्या त्या ऑफिसात माझा तिसरा दिवस होता आणि इथे आणखी कोणी मराठी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीतून थोडी उठून पाहिलं. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ मॉनिटरसमोर बसले होते. अंगात निळं विंडचीटर, चष्मा कपाळावर. त्यांच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. ते कॉम्प्युटरला रागावत होते. प्रिंटरमधून एक कागद आला, तो त्यांनी चष्मा खाली ओढून वाचला आणि म्हणाले, "आता कसं. अर्धं माहीत आहे तं अर्धंच सांगायचं."

मी पुन्हा खाली बसले. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. मोठ्यांशी मराठीत बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. चार दिवसांनी तेच आले. "मृणाल तुम्हीच ना? मी गजभिये. नागपूरचा. चार दिवस झाले, तुम्ही काही बोलून नाही राहिल्या, म्हटलं आपणच विचारावं."

मी त्यांना पहिल्यापासून सर म्हटलं. त्यांनी मला शेवटपर्यंत तुम्ही म्हटलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते.

आमची कंपनी बारा माणसांची होती, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. कारखान्यांचं वेळापत्रक लावून देणारा प्रोग्राम आम्ही विकायचो. तो ज्या भाषेत लिहिला होता तिच्यात मशीनला 'आधी हे कर, मग ते कर' असं सांगत नाहीत, फक्त अटी सांगतात. पीठ फुगल्याशिवाय ओव्हनमध्ये जाणार नाही, ओव्हन एका वेळी एकाच जातीचा पाव भाजणार, ट्रक सहाला निघणार. या सगळ्यांत बसेल ते उत्तर मशीनने शोधायचं. पण पुष्कळदा सगळं ठरतच नाही. पाव बारा ते तीनमध्ये कधीही ओव्हनबाहेर काढा, चालेल, एवढंच कळतं. मग उत्तराबरोबर काही अटी उरतात. त्या सांभाळून बाकीचं माणसाने ठरवायचं. गजभिये सर या उरलेल्या अटी वेगळ्या पानावर छापायचे. ऑफिसात त्या पानाची चेष्टा व्हायची, पण ते छापल्याशिवाय कागद बाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

आमचा मॅनेजर डग. त्याला ते पान अजिबात आवडायचं नाही. "गिऱ्हाईक उत्तराचे पैसे देतं," तो म्हणायचा, "'जर' आणि 'तर'चे नाही." सर शांतपणे म्हणायचे, "पहिलं पान उत्तराचं, दुसरं फुकट."

सर 'झालं' हा शब्द कधी नुसता वापरायचे नाहीत. काम झालं का विचारलं की, "झालं, दोन गोष्टी सोडून." त्यांना ड्राइव्ह करता येत नव्हतं, ते बसने यायचे. घरून फोन आला की आम्हाला सगळ्यांना पाठ झालेलं उत्तर ऐकू यायचं: "साडेपाचची मिळाली तं सव्वासहा. नाही मिळाली तं पावणेसात. पाऊस धरून." ऑफिसातली तरुण मुलं त्यांची नक्कल करायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा डगने सगळ्यांसमोर विचारलं, "गजभिये, वीकेंडला काय?" तर ते म्हणाले, "शनिवार ठरला आहे. रविवार शनिवारवर अवलंबून." सगळे हसले. सर हसले नाहीत, पण बसताना माझ्याकडे बघून त्यांनी एक भुवई उचलली.

फोन घेताना ते 'हॅलो' म्हणायचे नाहीत. बायकोचा असो की डॅलसच्या मित्राचा, "जयभीम" म्हणायचे, आणि आवाज खाली करायचे नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान खाली घातली, जणू मी काही ऐकायला नको होतं. का घातली, याचा विचार मी त्या वेळी केला नाही.

मला शिकवायला त्यांनी खोक्यातून कोरी कार्डं काढली. एका कार्डावर डावीकडे लिहिलं 'ओव्हन', उजवीकडे 'पॅकिंग'. मधे पेन्सिलीने बारीक अक्षरात 'रॅक'. "पाव ओव्हनमधून निघतो, रॅकवर निवतो, मग पिशवीत जातो. सुपरवायझरला विचारायचं असतं ओव्हन कधी, पॅकिंग कधी. रॅक कधी, हे कोणी विचारत नाही. तो आपण आपल्या सोयीसाठी मधे आणलेला चल."

"चल?"

"व्हेरिएबल. मी मराठी शाळेतला." त्यांनी पेन्सिलीचं टोक रॅकवर ठेवलं. "याचं नाव उत्तरात दिसायला नको, बरोबर आहे. पण ओव्हनची अट रॅकशी आहे, पॅकिंगची अट रॅकशी आहे. ओव्हन आणि पॅकिंगची आपसात ओळखच नाही. मग याला काढायचं कसं?"

मी कार्ड उलटं करून पाहिलं.

"आधी दोन टोकांना गाठ मारायची. पाव बाहेर निघाल्यावर दीड तासाने पॅकिंग, असं सरळ लिहायचं. मंग याला काढायचं. नुसतं उपटलं तं दोन्ही टोकं मोकळी."

मी मान हलवली. काही अवघड जागी ही गाठ मारायचं काम त्यांच्याही प्रोग्रामला अजून जमत नव्हतं. तिथे दुसऱ्या पानावर ती मधली नावंच छापली जायची, मशीनने स्वतः दिलेली, खालची रेघ आणि पुढे आकडे अशी विचित्र नावं. सर म्हणायचे, "दिसतात वाईट. पण खरी आहेत. राहू द्या, मी करतो."

केंटमधली एक बेकरी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथे ते मला एकदा घेऊन गेले, गाडी मी चालवली. सुपरवायझर लोइस नावाची साठीची बाई होती. तिने रॅकवरचा एक पाव उलटा करून सरांपुढे धरला. सरांनी त्याच्या तळाला उलटा हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "वरून गार लागतो," लोइस म्हणाली, "आत अजून वाफ आहे." तिच्या टेबलावर आमच्या प्रिंटआउटचा गठ्ठा होता. पहिली पानं कोरी करकरीत, आणि दुसऱ्या पानांवर पेनने खुणा, बाण, चहाचे डाग. सरांनी ती पानं हातात घेतली, परत ठेवली. परत येताना गाडीत ते म्हणाले, "पाहिलं? ती फुकटचं पान वाचते." त्या दिवशी ते खूष होते. त्यांना इतकं खूष मी फक्त त्या दिवशी पाहिलं.

त्या वर्षी मी माझ्या वडिलांच्या मित्रांकडे राहत होते, साठे काकांकडे. महिन्यातून एका शनिवारी त्यांच्याकडे मराठी कुटुंबं जमायची, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. माझ्या ऑफिसात मराठी माणूस आहे कळल्यावर काकू म्हणाल्या, "बोलाव की त्यांना." काकांनी पेपरमधून डोकं वर काढलं. "गजभिये म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडलं. काकूंनीही ते पूर्ण केलं नाही. मीही नाही. आम्हा तिघांनाही ते पूर्ण ऐकू आलं होतं.

सर आले. वहिनी आणि आठ वर्षांची मुलगी प्रज्ञा बरोबर. वहिनींनी झणझणीत वड्याचा रस्सा आणला होता, तो सगळ्यात आधी संपला. प्रज्ञा सोफ्यावर बसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देत होती. जेवताना काकांनी विचारलं, "कॉलेज नागपूरचंच?"

"हो."

"अच्छा. तिथे तुम्हाला... म्हणजे ॲडमिशन तशी सोपी गेली असेल."

सरांनी घास संपवला. "मेरिट लिस्टला तिसरा होतो. तुम्ही कितवे होते?"

काका हसले, फार मोठ्याने. "आता कोणाला आठवतं हो."

"मला आठवतं," सर म्हणाले, आणि वहिनींकडे ताट पुढे करून भात मागितला.

ते पुन्हा आले नाहीत. पुढच्या वेळी मी निरोप दिला तेव्हा म्हणाले, "बोलावलं त्याबद्दल काकूंना धन्यवाद सांगा." मी फक्त धन्यवाद पोचवले.

पुढच्या शरद ऋतूत त्यांची आई गेली. तार नाही, फोन आला. ऑफिसातच. त्यांनी 'जयभीम' म्हटलं, मग चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला. दुसऱ्या दिवशी ते तीन आठवड्यांसाठी नागपूरला गेले.

त्याच काळात माझा व्हिसाचा अर्ज वकिलाकडे जायचा होता. डगची सही बाकी होती. एका गुरुवारी डग माझ्या खुर्चीमागे उभा राहिला, हातात दुसऱ्या पानांचा गठ्ठा. "ही रेघांची नावं कोणाला कळतात? साफ करून दे. सोमवारी नवी आवृत्ती बेकरीला जाते आहे."

"गजभिये सर आल्यावर..."

"तुला जमेल."

मला जमलं. नऊ ओळींचा फिल्टर. ज्या अटीत मशीनने दिलेलं असं नाव असेल, ती ओळ छापू नकोस. सहावी ओळ लिहिताना मला ते कार्ड आठवलं. पेन्सिलीतला रॅक. मी थांबले. मग मला वाटलं, मशीनने गाठी मारल्याच असतील आधी. मला वाटलं म्हणणंही खरं नाही, मी तसं वाटून घेतलं. नागपूरचा नंबर माझ्याकडे होता. आई गेलेल्या माणसाला एका रेघेसाठी फोन करायचा, आणि तोही मराठीत, हे मला जमणारं नव्हतं. डग अजून मागे उभा होता. फाइलच्या शेवटी मी शिस्तीत माझी आद्याक्षरं आणि तारीख टाकली. दुसरं पान निम्म्याहून लहान झालं. डग म्हणाला, "सुंदर." त्याने ते पान त्याच्या दारावर चिकटवलं.

लोइस तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाने कागद वाचला. पाव बाहेर काढायचा बारा ते तीन. पॅकिंग दीड ते पाच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं कागदावर कुठेच नव्हतं. त्याने दोन्ही दोनला ठेवले. दहा दिवस गरम पाव पिशव्यांत गेला. आत वाफ धरली, दुकानांत पाव हिरवा पडला आणि ट्रक भरून परत आला. बेकरीने आमच्याबरोबरचं काम थांबवलं.

सर परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मोठे साहेब, डग, सर आणि मी. सरांचे डोळे प्रवासाने लाल होते. साहेबांनी दुसरं पान टेबलावरून सरकवलं. सरांनी ते वाचायला पाच सेकंदही घेतले नाहीत.

"यातून ओळी काढल्या आहेत."

"हा छपाईचा भाग तुमचा आहे ना?" साहेब म्हणाले. फाइलच्या माथ्यावर सरांचं नाव होतं.

"भाग माझा आहे. हा फिल्टर माझा नाही."

"मग कोणाचा?"

डग म्हणाला, "टीमचा. टीम गजभिये चालवतात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिकवताना प्रश्न विचारून थांबायचे तसं पाहिलं. वहिनी, प्रज्ञा, ग्रीन कार्डाचा अडकलेला अर्ज, व्हिसाचं पाचवं वर्ष, सगळं मला माहीत होतं. नोकरी गेली की त्यांना या देशात राहता येणार नव्हतं, हेही. मला चारच शब्द बोलायचे होते, आणि या वेळी तर इंग्रजीत. माझ्यासमोर कागदी कप होता. मी त्याची कड बोटाने दुमडत राहिले. कपाची पूर्ण कड दुमडून झाली तेव्हा मीटिंग संपली होती.

कॉरिडॉरमध्ये डग मला म्हणाला, "तू समजूतदार आहेस." सोमवारी माझा अर्ज सही होऊन वकिलाकडे गेला.

शुक्रवार सरांचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मी पार्किंगमधून बाहेर पडले तेव्हा ते बसथांब्यावर उभे होते. पाऊस नेहमीसारखा, बारीक. बगलेत पुठ्ठ्याचं खोकं, त्यावर विंडचीटर पांघरलेलं, स्वतः भिजत होते. मी गाडी थांबवून काच खाली केली.

"सर, मी सोडते ना घरी."

"नको. बस येऊन राहिली."

"सर..." वाक्य जुळेना.

ते थोडे वाकले. "तुमची आद्याक्षरं आहेत तिथे, शेवटी. तारखेसकट. मी आलो त्याच रात्री पाहिली होती."

मी स्टिअरिंग धरून बसले.

"मी नाव घेतलं असतं तं डगने ते तुमच्या अर्जाला लावलं असतं, आणि माझंही काही वाचलं नसतं. ते तुम्ही घ्यायचं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं होतं, घ्याल."

मागून हॉर्न आला. बस आली होती आणि मी तिच्या जागेत उभी होते. मला गाडी पुढे घ्यावी लागली. आरशात पाहिलं तेव्हा ते ड्रायव्हरला खोकं दाखवून काही सांगत होते, बहुतेक भाडं खिशातून काढायला थोडा वेळ द्या असं. मग ते आत गेले. बस सुटून माझ्या बाजूने पुढे निघाली. खिडकीतली धूसर काच त्यांनी कोपराने पुसली आणि समोर पाहत बसले. माझ्याकडे नाही.

डिसेंबरात ते सगळे परत गेले. प्रज्ञाची शाळा मधेच सुटली. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. माझा व्हिसा फेब्रुवारीत आला आणि काकूंनी त्या शनिवारी मुद्दाम श्रीखंड केलं.

ताटं घेऊन सगळे हॉलमध्ये बसले होते. कोणीतरी म्हणालं, "मृणालच्या ऑफिसातले ते गेले ना परत?"

"कोण, गजभिये?" काका म्हणाले. "पाव जाळले म्हणे त्यांनी."

"जाळले नाही हो, कच्चे ठेवले," नुकताच पुण्याहून आलेला निखिल म्हणाला. "यार, तिकडे कोट्यातून पुढे जाता येतं. इकडे कोड चालावा लागतो."

हॉलमध्ये बरेच जण हसले. काका हळू आवाजात म्हणाले, "मी तेव्हाच म्हटलं होतं." त्यांनी तेव्हा काहीच म्हटलं नव्हतं, वाक्य अर्धं सोडलं होतं. काकू म्हणाल्या, "अहो, जाऊ दे ना, तिचे सर होते ते. मृणाल, पुरी घे गं."

मला माहीत होतं की आता बोलणं सोपं आहे. व्हिसा आला होता. डगला मराठी येत नव्हतं. या खोलीतल्या कोणाच्याही हातात सरांची नोकरी नव्हती, आणि सर इथून सात समुद्रांपलीकडे होते. बोलून कोणाचंच काही परत येणार नव्हतं. पुरी मी घेतली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी उभी राहिले होते, आणि मी अशा ठिकाणी कधी उभी राहत नसे.

"तो कोड त्यांचा नव्हता, काका," मी म्हटलं. "मी लिहिला होता. मीटिंगमध्ये मी गप्प बसले म्हणून ते गेले. आणि मी ओपनमधली आहे."